नाका आणि रोजचं घरी परतणं

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. आठवणींवर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे सकाळपासून बोलले. घंटा, वडाचा पार, खिडकीतून दिसणारा पाऊस, सगळं झालं. म्हणून मी एका रुक्ष विषयावर बोलणार आहे. आधी एक विनंती. गेल्या आठवड्यात ज्यांची गाडी गोव्याच्या हद्दीत एकदा तरी गेली आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. पहिल्या रांगेत बाईंचासुद्धा हात वर आहे. आता हात वरच ठेवा, आणि त्या प्रवासात ज्यांना कोणीही थांबवलं नाही, त्यांनी खाली घ्या. बाई, तुमचा हात अजून वरच आहे! म्हणजे तुम्हालाही थांबवलं. तर विषय तोच आहे. नाका.

मुंबई-पुण्याहून आणि परदेशातून आलेल्या मित्रांसाठी थोडा भूगोल सांगतो, कारण त्यांनी शाळा सोडली तेव्हा हा रस्ता इतका वाहता नव्हता. आपल्या बांद्यातून निघालं की दहा-पंधरा मिनिटांत पत्रादेवी. तिथून पेडणे तालुका सुरू. पुढे मालपे, धारगळ, कोलवाळचा पूल, मग म्हापसा. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास. दोडामार्गचे लोक डिचोलीकडे उतरतात, सातार्ड्याचे आणि आरोंद्याचे तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यात शिरतात. सकाळी सहा ते नऊ या वेळात या रस्त्यांवर उभे राहा. थिवी, पिळर्ण, तुये इथल्या कारखान्यांकडे, म्हापशाच्या दुकानांकडे, हॉटेलांकडे, हॉस्पिटलांकडे जाणाऱ्या दुचाकींची रांग दिसेल. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळाचीही पाळी त्यात आली. डोक्यावर हेल्मेट, पाठीला डबा आणि नंबरप्लेटवर एमएच ०७. यातले कितीतरी चेहरे आपल्या शाळेतले आहेत. मीही त्यातलाच एक. वीस वर्षांहून जास्त काळ हा रस्ता रोज दोन वेळा करतो आहे.

बाहेरगावचे मित्र विचारतात, एका देशात राहून तपासणी कसली? जीएसटी आला, नाके उठले ना? १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा मालावरच्या विक्रीकराचे नाके उठले हे खरं. पण नाका म्हणजे एक खोली आणि एक दांडा नव्हे. तिथे चार-पाच खात्यांची माणसं असतात आणि प्रत्येक खात्याचा प्रश्न वेगळा असतो. पोलीस विचारतात, तू कोण. परिवहनवाले विचारतात, गाडी कोणाची आणि कागद कुठे. उत्पादन शुल्कवाले विचारतात, डिकीत काय. वन खातं विचारतं, लाकूड कुठलं. मालाची गाडी असेल तर आणखी प्रश्न. यातला कुठला प्रश्न कुठल्या दिवशी आपल्या वाट्याला येईल, हे पंचांगात नसतं. कुठल्या महिन्यात एकदाही हात आडवा होत नाही, आणि कुठल्या आठवड्यात तीनदा होतो.

जाताना आणि येताना तपासणीची जातही वेगळी असते. सकाळी जाताना कागद. "खंय वता? कागदां दाखय." आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी. बाजूने जीए नंबरची गाडी सुळकन निघून जाते. तिच्या चालकाकडे कागद असतील, नसतील, पण तिला हात होत नाही. आपली नंबरप्लेट लांबून दिसते आणि हात वर होतो. त्या रस्त्यावर बहुतेक परक्या नंबरच्या गाड्या पर्यटकांच्या असतात, भाड्याच्या असतात, आणि त्यांत गडबडी निघतात, हे मला मान्य आहे. पण डबा घेऊन सकाळी सात वाजता निघालेला माणूस पर्यटक नाही हे ओळखायला फार अभ्यास लागत नाही.

संध्याकाळी येताना बाटली. यामागचं कारण सरळ आहे. दारूवरचा कर गोव्यात कमी, महाराष्ट्रात जास्त. त्यामुळे तीच बाटली सीमा ओलांडली की महाग होते, आणि जिथे असा फरक असतो तिथे चोरटी वाहतूक असतेच. ट्रकमध्ये चोरकप्पे करून, भाजीच्या आणि पत्र्यांच्या खाली खोके लपवून माल नेतात. वर्तमानपत्रात आपण वाचतोच. म्हणून आपल्या बाजूला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली तपासणी चालते, आणि त्या जाळ्यात आपले डबे, डिक्या आणि सीटखालचे रेनकोट रोज चाळले जातात. एसटीतल्या आणि कदंबातल्या प्रवाशांच्या पिशव्याही सुटत नाहीत.

आता आपल्या कोकणातलं एक सत्य तुम्हाला ठाऊक आहे. घरात कोणी थेंब घेत नसलं तरी दारूच्या रिकाम्या बाटल्या घरात असतात. खोबरेल त्यात, कोकमाचं आगळ त्यात, रॉकेल होतं तेव्हा रॉकेलही त्यात. गोव्यातही तेच. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका म्हापशाच्या बाईंनी माझ्या बायकोसाठी माडाचं व्हिनेगर दिलं, घरी केलेलं. बाटली अर्थातच कसली होती ते तुम्ही ओळखलंत. संध्याकाळी एका नाक्यावर डिकी उघडायला लावली. बाटली बाहेर आली. साहेबांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "साहेब, व्हिनेगर आहे." ते म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." बूच उघडलं, बाटली नाकाला लावली आणि खोल श्वास घेतला. पुढची दोन मिनिटं साहेब शिंकत होते आणि मागची रांग हॉर्न वाजवत होती. बाटली त्यांनी परत दिली, पण रागाने दिली. जणू ती दारू नव्हती हा माझा गुन्हा.

हसलात, बरं वाटलं. आता जे हसण्यासारखं नाही ते सांगतो.

आपल्या शाळेतून दहा-बारा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला एक मुलगा एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. नाव सांगत नाही. सकाळची पाळी सातची. गेटवर दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला की अर्धा दिवस गेला. त्याच्या गाडीचे सगळे कागद चोख आहेत. पण थांबवलं की रांग असते, रांगेत पुढचा हुज्जत घालत असतो, आणि कागद बरोबर आहेत हे कळायला सहा मिनिटं लागतात. त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी त्या सहा मिनिटांत जाते. पावती नाही, दंड नाही, कुठे नोंद नाही. कायद्याच्या नजरेत त्याला काहीही झालेलं नाही. म्हणून तो आता पाऊण तास आधी निघतो. म्हणजे त्याची आई पाऊण तास आधी उठते.

आपली एक मैत्रीण गोव्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये परिचारिका आहे. दुसरी पाळी संपवून ती रात्री स्कूटरवरून येते. तिने मला सांगितलं, "अरे, तपासणीची भीती नाही वाटत. अंधारात थांबायची भीती वाटते. दिवा नाही, बाई पोलीस नाही, आणि तीन पुरुष माझी पर्स उघडून बघतायत." स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच आणि सभ्यता राखून घ्यायची, हे कायद्यात लिहिलेलं आहे. पर्स आणि डबा हे अंगझडतीत येत नाहीत असा युक्तिवाद होऊ शकतो. पण रात्री अकरा वाजता तो युक्तिवाद करायला उभं कोण राहणार?

तिसरं उदाहरण तुमच्यापैकी पुष्कळांनी भोगलेलं आहे. पेशंटला घेऊन बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला जाणं. रुग्णवाहिकेला कोणी अडवत नाही. पण रात्री रुग्णवाहिका मिळतेच असं नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून माणूस न्यावा लागतो, आणि मालक घरी झोपलेला असतो, चालवणारा दुसराच असतो.

नाक्याचा स्वभावही ऋतूप्रमाणे बदलतो. डिसेंबर आला की गोव्यात गर्दी आणि रस्त्यावर पहारे. निवडणूक आली की वेगळी पथकं, आणि पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड असेल तर हिशेब द्या. ७ मे २०२४ ला तर आपल्या मतदारसंघात आणि गोव्यात एकाच दिवशी मतदान होतं. त्या दिवसांत दोन्ही बाजूंना दोन्ही पथकं, आणि एका संध्याकाळी एकच डिकी चार किलोमीटरमध्ये दोनदा उघडायची. २०१८ साली मासळीतल्या फॉर्मेलिनचा विषय निघाला. गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीवर निर्बंध घातले, इन्सुलेटेड गाडी पाहिजे, अन्न व औषध प्रशासनाची नोंदणी पाहिजे. विषय आरोग्याचा होता, पण मालवण-वेंगुर्ल्याहून बर्फाच्या खोक्यात मासे नेणारे छोटे टेम्पोवाले हद्दीवर अडकले. त्यांतले काही आपलेच.

आणि कोरोना. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पत्रादेवीला रस्ताच संपला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानंतर निगेटिव्ह दाखल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही असं झालं, आणि दाखल्याचं आयुष्य ७२ तासांचं. वर्षातून एकदा सहलीला जाणाऱ्याला तो नियम सोपा होता. रोज जाणाऱ्याला तो म्हणजे नाकात काडी घालून घ्यायची नोकरी झाली असती. पुढे नियम सैल झाले. पण त्या काळात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोनच माणसं असतात, गोव्यात राहणारा आणि गोव्यात येणारा पाहुणा. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा तिसरा माणूस त्यांच्या कागदावर नसतोच.

आपल्या ज्येष्ठ गुरुजनांनी ही सीमा खरोखरच परदेशाची सीमा होती तो काळ पाहिला आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही याच पत्रादेवीवरून आत शिरले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नेलसिंग तिथे पडले. हुतात्मा स्मारक रस्त्यालगतच आहे, आपण रोज त्याच्यासमोरून जातो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती सीमा गेली. आज जी उरली आहे ती आपल्याच दोन राज्यांची हद्द आहे. तिची तुलना त्या सीमेशी करणं हा त्या माणसांचा अपमान होईल, आणि मी ती करत नाही. एवढंच म्हणतो, की ती हद्द ओलांडणं सोपं व्हावं अशी अपेक्षा धरण्यात काही गैर नाही.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यातले पुष्कळजण ऐकीव गोष्टींवर गाडी चालवतात.

पहिला गैरसमज नंबरचा. "गोव्यात रोज जातोस तर जीए नंबर करून घे, नाहीतर पकडतील." मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी सगळ्या भारतात चालते. कलम ४० सांगतं की मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवतो, तिथल्या राज्यात ती नोंदवायची. कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवा नंबर घ्यायचा. आता आपली गाडी रात्री कुठे असते? आपल्या अंगणात, फणसाखाली. तेव्हा सरळ अर्थाने तिचा नंबर एमएच ०७ हाच बरोबर आहे. उलट काहीजणांनी त्रास चुकवायला गोव्यातल्या मावशीच्या पत्त्यावर गाडी घेतली. त्यांना आता सकाळी कोणी विचारत नाही, पण इकडचे विचारतात, गाडी इथे ठेवता तर इथला कर कुठे? एक नाका चुकवायला दुसरा नाका अंगणात आणून ठेवला.

भारत मालिकेचा, म्हणजे बीएच नंबरचाही प्रश्न येतो. तो सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाला. पण तो मुख्यतः सरकारी आणि संरक्षण दलातल्या नोकरदारांसाठी, किंवा चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांसाठी आहे. ठेकेदाराकडच्या मुलाला तो मिळत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधले कागद मूळ कागदांइतकेच चालतात. मोबाईलमध्ये काढलेला फोटो किंवा झेरॉक्स म्हणजे तो कागद नव्हे. हा फरक नाक्यावर वादाचं मूळ असतो. पीयूसी नव्या गाडीला पहिलं वर्ष लागत नाही, नंतर लागते. बीएस-चार आणि पुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, जुन्यांना सहाच महिने. विम्याची तारीख आपण लक्षात ठेवतो, पीयूसीची विसरतो. आणि तडजोडीचा दंड किती हे त्या-त्या राज्याने ठरवायचं असतं. म्हणून एकाच चुकीला हद्दीच्या अलीकडे एक भाव आणि पलीकडे दुसरा असू शकतो. तो भाव कुठलाही असो, पावती किंवा ई-चलान मागायचं. पावतीशिवाय एक रुपया हातावर ठेवायचा नाही. आपण ठेवतो, म्हणून उद्या आपल्या मागच्याकडे मागितला जातो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच फारशी कोणाला ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून दुरुस्ती झाली. पोलिसाने किंवा अधिकाऱ्याने गाडी तपासली, की तपासणीची तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची ओळख पोर्टलवर नोंदवली जावी असं त्यात आहे. उद्देशही सांगितलेला आहे, की तीच गाडी पुन्हा पुन्हा विनाकारण तपासली जाऊ नये. म्हणजे नाक्याला स्मरणशक्ती असावी असं सरकारनेच कागदावर लिहून ठेवलं आहे.

वर्गात सर हजेरी घ्यायचे ते आठवा. सुरुवातीला नाव पुकारायचे. दोन महिन्यांनी मान वर न करता म्हणायचे, "आज मागच्या बाकावर कोण नाही?" हजेरीपट होता, पण त्याहीपेक्षा ओळख होती. नाक्यावर मी वीस वर्षं "हजर" म्हणतो आहे आणि रोज मला नवीन प्रवेश घ्यावा लागतो. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. सोमवारी तपासलेला माणूस मंगळवारी पुन्हा अनोळखी होतो, ही माझी तक्रार आहे.

नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचीही बाजू आहे. आपल्याच एका तुकडीतला मित्र खात्यात आहे आणि काही वर्षं नाक्यावर होता. तो आज सभागृहात आहे, पण मी त्याच्याकडे बघणार नाही. त्याला मी एकदा तावातावाने विचारलं, "तुला माझा चेहरा ओळखू येत नाही?" तो म्हणाला, "तुझा येतो. पण माझी ड्युटी आठवड्यात बदलते, माझ्या जागी येणारा गडचिरोलीचा असतो. आणि ऐक, शंभरातले नव्याण्णव सज्जन आहेत हे मला माहीत आहे. तो एक कोणता, हे मला माहीत नाही. तो एक सुटला तर नोटीस मला येते. तुम्हा नव्याण्णवांना त्रास झाला म्हणून मला कधी नोटीस आलेली नाही." त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. "पावसात आम्ही ताडपत्रीखाली उभे असतो. धूळ, डिझेलचा धूर, लघवीला जायची सोय नाही. दुपारी तीन वाजता कोणाशी गोड बोलावंसं वाटत नाही रे." तेव्हापासून मी नाक्यावर आधी नमस्कार करतो, हेल्मेट काढतो आणि मग कागद काढतो. त्याने वेळ वाचतो असं नाही. पण दोघांचाही दिवस बिघडत नाही.

मग एवढ्या लहानशा गोष्टीवर पंधरा मिनिटं कशाला? कारण मला ती लहान वाटत नाही. आपल्या भागातून पूर्वी माणूस मुंबईला जायचा. गिरणीत, गोदीत, हॉटेलात. वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. घरात म्हातारी माणसं आणि मनीऑर्डर. आपल्यातल्या कितीजणांनी आपले वडील असे सुट्टीत पाहिले आहेत! गोव्यातल्या नोकरीने पहिल्यांदा असं झालं की माणूस कमवतोही आणि रात्री घरी जेवतोही. मुलाचा अभ्यास घेतो, बापाला डॉक्टरकडे नेतो, ग्रामसभेत भांडतो, भजनाला बसतो. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आज जे पालक आहेत, त्यांतले बरेच संध्याकाळी हद्द ओलांडून येणारे आहेत. हे रोजचं परतणं आहे म्हणून आपल्या वाडीतली घरं उघडी आहेत आणि शाळेच्या पटावर मुलं आहेत.

हे परतणं कशाने तुटतं? अर्ध्या दिवसाच्या मजुरीने तुटतं. रात्रीच्या अंधाऱ्या थांब्याने तुटतं. मी मघाशी सांगितलेल्या त्या मुलाने गेल्या वर्षी विचारलं, "दादा, म्हापशाला खोली घेऊ काय? चौघं मिळून भाडं परवडतं." ती परिचारिका मैत्रीण कधीतरी गोव्यातच राहायला जाईल. कोणीही त्यांना हद्दपार केलेलं नसेल. फक्त रोज पाच-दहा मिनिटांनी त्यांचा धीर झिजलेला असेल. एक खोली म्हापशाला उघडली की इकडे एक घर बंद होतं आणि पटावरून दोन नावं कमी होतात. बाई, तुमच्यासारख्या शिक्षकांना हा हिशेब मी सांगायला नको.

म्हणून आपल्या माजी विद्यार्थी संघापुढे मी चार मागण्या ठेवतो. दोन्ही राज्यांच्या संबंधित खात्यांना संघाच्या नावाने त्या पाठवाव्यात. एक, तपासणीची पोर्टलवर नोंद करण्याचा जो नियम आहे तो आपल्या हद्दीवर खरोखर पाळला जावा, म्हणजे आज पाहिलेले कागद उद्या पुन्हा पाहण्याची गरज उरणार नाही. दोन, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळात दुचाकींसाठी वेगळी वाट, जिथे तपासणी झाली तरी ट्रकच्या रांगेमागे थांबावं लागू नये. तीन, तपासणीच्या जागी दिवा, छप्पर, स्वच्छतागृह आणि रात्री महिला पोलीस. यात त्यांचीही सोय आहे आणि आपलीही. चार, मराठीत आणि कोंकणीत एक ठळक फलक, कोणते कागद लागतात, दंड किती, तक्रार कुठे करायची. यातली एकही मागणी "आम्हाला तपासू नका" अशी नाही. तपासा, पण लक्षात ठेवा, एवढंच आपण म्हणतो.

पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, आपणच करायची. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पंधरा दिवसांत शाळेची मुलं गोव्यात नोकरी शोधायला लागतात. कोणाची तरी गाडी घेऊन निघतात, लायसन्स शिकाऊ, विमा संपलेला, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा दंड पहिल्या पगाराएवढा होतो. त्यांच्यासाठी शाळेतच एक दुपार ठेवू. कागद कोणते, ते फोनमध्ये कसे घ्यायचे, पावती कशी मागायची, आवाज न चढवता "का थांबवलं?" हे कसं विचारायचं. खात्यातल्या आपल्या मित्राने शिकवायचं कबूल केलं आहे. बघा, आता मला त्याच्याकडे बघावंच लागलं.

निवेदनाचा मसुदा आणि सह्यांचा कागद बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. जे रोज जातात त्यांनी सही करा. जे जात नाहीत त्यांनीही करा, कारण आपल्या शाळेतलं कोणी ना कोणी जातंच. गुरुजनांच्या सह्या सगळ्यात वर घ्याव्यात अशी माझी विनंती आहे. सरकारी कार्यालयात शिक्षकाच्या सहीला अजून मान आहे, आणि अक्षरही तुमचंच वाचता येतं.

 चहा थंड होण्याआधी मी थांबतो.